शोकाचा अधिकार

(एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आपल्या भाषेत 'ताबूत थंडे होणे' असा एक वाक्प्रचार आहे. एखाद्या चळवळीचा जोर ओसरला, सभा-मिरवणुकांचा गलबला विरला, की आपण सहज म्हणून जातो, "झाले, यांचे ताबूत थंडे झाले!" बोलणाऱ्याला या शब्दांमागचा प्रसंग आठवत असतोच असे नाही. मोहरमच्या दहाव्या दिवशी बांबूचे आणि रंगीत कागदाचे ताबूत वाजतगाजत पाण्यावर नेतात, तेथे ते विसर्जित होतात, आणि दहा दिवस गजबजलेले गाव एकाएकी निवांत होते. दक्षिण महाराष्ट्रातल्या ज्या खेड्यात माझे बालपण गेले, तेथे ताबुतापुढे वाघाची सोंगे नाचत, हिंदूंची मुले नवसाचे फकीर होत, आणि आमच्या घरून पंजाला मालिदा जाई. आम्हा मुलांच्या लेखी ती जत्राच होती. हा कोणाच्या तरी मृत्यूचा दिवस आहे आणि जगातील कोट्यवधी शिया मुसलमान त्या दिवशी ऊर बडवून रडतात, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

ते ज्या वर्षी नीट कळले ते वर्ष होते १९७८. त्या डिसेंबरात तेहरानच्या रस्त्यांवरून लाखो माणसे मोहरमच्या मिरवणुकीत चालत होती, आणि मध्यपूर्वेतील एका बलाढ्य राजाचे सिंहासन त्या पावलांखाली डळमळत होते. तेराशे वर्षांपूर्वी मारल्या गेलेल्या माणसासाठी रडणारा समुदाय आजच्या राजाला का घालवू शकतो? आणि ज्यांनी या शोकाच्या बळावर सत्ता मिळवली, त्यांनीच पुढे इतरांच्या शोकावर बंदी का घातली? या दोन प्रश्नांचा विचार आज मी आपल्यापुढे मांडणार आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की मृतांसाठी एकत्र जमून शोक करणे हा एक राजकीय अधिकार आहे. राज्यकर्त्यांना हे आपल्या आधी कळते. म्हणून ते या अधिकारावर एक तर बंदी घालतात, नाही तर तो स्वतःच्या खजिन्यात जमा करून घेतात. या दुसऱ्या प्रकाराकडे पुरोगामी म्हणवणाऱ्यांचे नेहमीच दुर्लक्ष झाले, आणि त्याची फार मोठी किंमत इराणमध्ये मोजावी लागली.

मूळ घटना प्रथम सांगतो. पैगंबरांच्या निधनानंतर अर्धशतकाच्या आतच इस्लामी राज्याला वंशपरंपरागत राजेशाहीचे रूप आले. उमय्या घराण्यातील मुआवियाने आपला मुलगा यझीद याला वारस नेमले. पैगंबरांचे नातू हुसेन यांनी यझीदशी निष्ठेची शपथ घेण्याचे नाकारले. इराकमधील कूफा शहराच्या लोकांनी त्यांना पत्रांवर पत्रे धाडली: आपण या, आम्ही आपल्या पाठीशी आहोत. हुसेन निघाले. परंतु ते पोहोचण्याआधीच यझीदच्या सुभेदाराने कूफ्याला असा धाक घातला की पत्रे लिहिणाऱ्यांनी आपापल्या घरांची दारे लावून घेतली. करबलाच्या माळावर हुसेन, त्यांचे कुटुंबीय आणि सोबती यांना हजारोंच्या फौजेने वेढले. शेजारून वाहणाऱ्या फुरात नदीचे पाणी त्यांना तोडण्यात आले. हिजरी ६१ च्या मोहरमची दहावी तारीख, म्हणजे इसवी सन ६८० चा ऑक्टोबर महिना. त्या एका दिवसात हुसेन आणि परंपरेप्रमाणे त्यांचे बहात्तर सोबती मारले गेले. स्त्रिया व मुले कैद होऊन दमास्कसला गेली. त्यांत हुसेन यांच्या भगिनी झैनब होत्या. कैदेतील या स्त्रीने भर दरबारात यझीदला त्याचा गुन्हा ऐकवला, अशी परंपरा सांगते. शिया शोकपरंपरेचा पहिला आवाज हा असा एका स्त्रीचा आहे.

परंतु मला याहून महत्त्वाचा वाटतो तो चार वर्षांनंतरचा एक प्रसंग. ज्या कूफावासीयांनी हुसेन यांना बोलावून ऐन वेळी दगा दिला, त्यांच्यातील काही हजार लोक अपराधाच्या जाणिवेने एकत्र आले. त्यांनी स्वतःला 'तव्वाबून', म्हणजे पश्चात्ताप करणारे, असे नाव घेतले. ते हुसेन यांच्या कबरीवर गेले, तेथे धाय मोकलून रडले, आणि तेथून उमय्यांच्या फौजेवर चालून गेले. ६८५ च्या आरंभी त्यांच्यापैकी बहुतेक जण लढाईत पडले. करबलाचा सामुदायिक शोक सुरू झाला तो अशा माणसांपासून, ज्यांना स्वतःच्या भ्याडपणाची लाज वाटत होती. या शोकाच्या पोटात एक प्रश्न कायमचा बसलेला आहे: त्या दिवशी तू कोठे होतास? आणि हा प्रश्न विचारता विचारता दुसरा प्रश्न येतोच: आज तू कोठे आहेस? आजचा यझीद कोण, हे ठरवण्याची मुभा या विधीने प्रत्येक पिढीला दिलेली आहे.

या विधीचे स्वरूपही समजून घेतले पाहिजे. मोहरमच्या पहिल्या दहा दिवसांत घरोघरी, मोहल्ल्यामोहल्ल्यांत मजलिस भरते. कथन करणारा करबलाचा एकेक प्रसंग सांगतो: पाणी आणायला गेलेले अब्बास, शत्रूची बाजू सोडून मरणाच्या बाजूला आलेला सरदार हुर्र, तहानेने व्याकूळ झालेले तान्हे मूल. श्रोते रडतात, मर्सिये म्हणतात, छाती पिटून मातम करतात. हुसेन काशिफी यांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी फारसीत लिहिलेल्या 'रौझतुश्शुहदा' या ग्रंथावरून इराणात या कथनाला 'रौझाखानी' हे नाव पडले. तेथेच पुढे 'ताझिये' नावाचे शोकनाट्य घडले. त्यात हुसेन यांच्या बाजूची पात्रे हिरव्या-पांढऱ्या वेषात येतात आणि गातात. यझीदच्या बाजूची पात्रे तांबड्या वेषात येतात आणि नुसते बोलतात. २०१० साली युनेस्कोने या नाट्याची मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात नोंद केली. मोहरमनंतर सफर महिन्याच्या वीस तारखेला हुसेन यांचा चाळिसावा दिवस येतो. त्याला अरबीत 'अरबईन' आणि आपल्याकडे 'चेहलम' म्हणतात. सामान्य माणसाच्या मृत्यूनंतरही तिसरा, सातवा आणि चाळिसावा दिवस पाळण्याचा प्रघात इराणमध्ये आहे. हा चाळिसावा दिवस आपण ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे फार काम पडणार आहे.

आता या सगळ्याकडे संघटनेच्या दृष्टीने पाहा. मजलिस भरवायची तर वर्गणी गोळा करावी लागते, जागा मिळवावी लागते, शेकडो माणसांचा स्वयंपाक रांधावा लागतो, तहानलेल्यांसाठी सबील, म्हणजे पाण्याची आणि सरबताची पाणपोई, उभारावी लागते. मिरवणुकीत कोणत्या मोहल्ल्याचे निशाण आधी आणि कोणत्या व्यवसायाचे मंडळ मागून, हे ठरवावे लागते. स्त्रियांच्या मजलिसी वेगळ्या भरतात आणि त्या स्त्रियाच चालवतात. सरकारी परवान्यावाचून आणि पक्षाच्या सभासदत्वावाचून दरसाल नेमाने उभी राहणारी ही लोकसंघटना आहे. वृत्तपत्रे बंद पाडता येतात, पक्ष बेकायदा ठरवता येतात, कामगार संघटनांचे पुढारी तुरुंगात घालता येतात. रडणाऱ्या माणसाला काय म्हणून पकडायचे?

राज्यकर्त्यांची अडचण येथे सुरू होते. अब्बासी खलिफा मुतवक्किल याने नवव्या शतकाच्या मध्याला करबला येथील हुसेन यांची कबर जमीनदोस्त करवली. बंदीचा मार्ग तो हा. ९६३ साली बगदादमध्ये बुवैही घराण्याच्या मुइझ्झुद्दौला याने आशुराच्या, म्हणजे मोहरमच्या दहाव्या, दिवशी बाजार बंद ठेवून उघड शोक करण्याचा हुकूम काढला. दत्तक घेण्याचा मार्ग तो हा. १५०१ मध्ये इराणात सफवी सत्ता स्थापन झाली. तिने शिया पंथाला राज्याचा धर्म केले, आणि बंडखोरांचा शोक हळूहळू दरबाराच्या शोभेचा भाग झाला. एकोणिसाव्या शतकात काजार वंशाच्या नासिरुद्दीन शहाने तेहरानमध्ये 'तकिया दौलत' नावाचे भव्य शोकनाट्यगृह बांधले, आणि राजाची बैठक तेथे मानाच्या जागी मांडली गेली. राजाविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाच्या मृत्यूचे नाटक राजाच्या आश्रयाने रंगू लागले! विसाव्या शतकात रेझा शहाने पुन्हा पहिला मार्ग धरला. आधुनिकतेच्या नावाखाली १९३० नंतरच्या दशकात त्याने मिरवणुकांवर आणि ताझियेवर बंदी घातली. विधी घरांच्या भिंतीआड गेले, पण संपले नाहीत.

त्याचा मुलगा महंमद रेझा शहा याच्या काळात या विधीला नवे तोंड फुटले. १९६३ च्या जून महिन्यात आशुराच्या दिवशी कोम शहरातील फैजिया मदरशात अयातुल्ला खोमेनी यांनी भाषण केले आणि शहाची तुलना यझीदशी केली. दोनच दिवसांनी त्यांना अटक झाली, दंगे उसळले, गोळीबार झाला. खोमेनी पुढच्या वर्षी हद्दपार झाले, परंतु तुलना देशात राहिली. दुसऱ्या बाजूने अली शरियती या पॅरिसमध्ये शिकून आलेल्या विचारवंताने तेहरानच्या 'हुसैनिये इर्शाद' या सभागृहात तरुणांपुढे व्याख्याने दिली. शियापंथाची दोन रूपे आहेत, असे ते सांगत. एक हुतात्म्यांचे तांबडे रूप, दुसरे दरबारी पुरोहितांचे काळे रूप. लोकांना रडायला लावून निष्क्रिय ठेवणाऱ्या शोकावर त्यांनी कठोर टीका केली. सरकारने ते सभागृह बंद केले. १९७७ साली शरियती इंग्लंडमध्ये वारले. त्यांच्या व्याख्यानांच्या प्रती विद्यापीठांतून हातोहात फिरत राहिल्या.

मग १९७८ साल उजाडले. जानेवारीत एका दैनिकात खोमेनींची निंदा करणारा लेख आला. त्याच्या निषेधार्थ ९ जानेवारीला कोममध्ये निघालेल्या निदर्शकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. चाळीस दिवसांनी, १८ फेब्रुवारीला, त्या मृतांच्या चाळिसाव्यानिमित्त अनेक शहरांत लोक जमले. तबरीझमध्ये उठाव झाला, सैन्य आले, पुन्हा माणसे मेली. पुढचा चाळिसावा मार्चअखेर आला आणि यझ्द शहरात गोळीबार झाला. त्यापुढचा मे महिन्यात आला. प्रत्येक गोळीबार पुढच्या सभेची तारीख नक्की करून देत होता. पत्रके छापण्याची गरज नव्हती, कार्यकारिणीची बैठक बोलावण्याची गरज नव्हती. बोट मोजून दिवस ठरत होता. शहाच्या सैन्याजवळ अद्ययावत शस्त्रे होती, परंतु मृताचा चाळिसावा पाळू नका असा हुकूम काढण्याची सोय त्यांत नव्हती. तसा हुकूम काढणे म्हणजे आपणच यझीद आहोत अशी जाहीर कबुली देण्यासारखे होते.

८ सप्टेंबरला तेहरानच्या जालेह चौकात सैन्याने जमावावर गोळीबार केला. शरद ऋतूत तेलकामगारांनी संप पुकारला. हे विसरून चालणार नाही. चाळिसाव्यांनी रस्ते भरले, परंतु राज्याची तिजोरी थांबवली ती कामगारांनी. डिसेंबरच्या आरंभी मोहरम लागला. लष्करी सरकारने संचारबंदी लादली, तरी रात्री गच्च्यागच्च्यांवरून लोक तकबीर पुकारू लागले. मोहरमची नववी आणि दहावी, म्हणजे १० आणि ११ डिसेंबर, या दोन दिवशी देशभर लाखोंच्या मिरवणुका निघाल्या. १६ जानेवारी १९७९ ला शहा देश सोडून गेला आणि ११ फेब्रुवारीला त्याची राजवट संपली. ताबूत थंडे झाले नाहीत. या वेळी राजाचे सिंहासनच थंडे झाले.

मित्रहो, येथवरची कथा आपल्याला आवडण्यासारखी आहे. नि:शस्त्र जनता, सामुदायिक शोक, राजाचे पलायन! परंतु पुढचा भाग सांगितल्यावाचून ही कथा प्रामाणिकपणे सांगितली असे होणार नाही, आणि त्यात आपल्या विचाराच्या माणसांचा दोष आहे.

इराणातील डावे गट शूर होते. तुरुंग, छळ आणि फाशी यांना ते भ्याले नाहीत. परंतु या शोकाशी त्यांचे नाते नीट जुळले नव्हते. आधी पुष्कळांनी त्याला मागासलेपणाचा अवशेष मानले. १९७८ मध्ये त्याची ताकद दिसताच त्यातील अनेक जण दुसऱ्या टोकाला गेले. जनता ज्या अर्थी या भाषेत बोलते आहे, त्या अर्थी ही भाषा बोलणारा पुढारी जनतेचाच असणार, असे त्यांनी धरून चालले. १९७९ च्या मार्चमध्ये हिजाबाच्या सक्तीविरुद्ध तेहरानच्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, तेव्हा बहुसंख्य डाव्या गटांनी त्यांची साथ केली नाही. साम्राज्यवादाविरुद्धचा लढा आधी, स्त्रियांचा प्रश्न मागाहून, असे त्यांना सांगण्यात आले. ज्या परंपरेचा पहिला आवाज झैनबचा होता, तिच्या नावाने चाललेल्या क्रांतीत स्त्रियांना थांबण्यास सांगण्यात आले! तुदेह पक्षाने तर नव्या राजवटीची पाठराखण केली. १९८३ मध्ये त्याचे पुढारी तुरुंगात गेले, आणि त्यांच्याकडून वदवून घेतलेले कबुलीजबाब दूरचित्रवाणीवर दाखवण्यात आले.

दरम्यान इराकबरोबर युद्ध सुरू झाले होते. १९८० ते १९८८ अशी आठ वर्षे ते चालले. आक्रमण सद्दाम हुसेनने केले होते हे खरे, पण १९८२ मध्ये बहुतेक मुलूख परत मिळाल्यानंतरही युद्ध चालू ठेवण्यात आले. या युद्धात करबलाचा शोक हे सरकारी खाते झाले. सैनिकी मोहिमांना करबलाचे नाव मिळाले. कोवळी मुले हुतात्मा होण्यासाठी आघाडीवर गेली. तेहरानच्या बेहश्ते झहरा या दफनभूमीत रक्तासारख्या तांबड्या पाण्याचे कारंजे उडू लागले. जो प्रश्न प्रजा राजाला विचारीत होती, तो आता राज्य प्रजेला विचारू लागले: त्या दिवशी तू कोठे होतास, आघाडीवर का नव्हतास? प्रश्नाचे शब्द तेच राहिले. विचारणारा बदलला आणि अर्थ उलटा झाला.

आणि युद्ध संपत असतानाच, १९८८ च्या उन्हाळ्यात, तुरुंगांतील हजारो राजकीय कैद्यांना फाशी देण्यात आले. त्यांत धार्मिक विरोधक होते, तसे डावेही होते. तेहरानच्या आग्नेयेस असलेल्या खावरान येथे त्यांच्यातील अनेकांना नावाच्या दगडाशिवाय सामुदायिक खड्ड्यांत पुरले. कुटुंबांना शोकसभा घेण्याची मनाई झाली. त्यांच्या माता वर्षानुवर्षे खावरानला जात राहिल्या. त्यांनी ठेवलेली फुले तुडवली गेली, त्यांना हुसकावून लावण्यात आले. चाळिसाव्यांतून जन्मलेल्या राजवटीने या मृतांना चाळिसावा नाकारला. मला वाटते, तिच्या चारित्र्याची याहून मोठी कसोटी दुसरी नाही, आणि त्या कसोटीला ती उतरली नाही.

परंतु करबलाची ही भाषा कोणाच्या कायमच्या मालकीची होत नाही. या फाशींचा निषेध करणारा एक मोठा धर्मपंडित होता, अयातुल्ला मोंतझेरी. खोमेनींचा नियोजित वारस असलेल्या या माणसाने निषेधापायी वारसाहक्क गमावला आणि पुढे नजरकैद भोगली. २००९ च्या डिसेंबरात ते वारले. त्या वर्षी वादग्रस्त निवडणुकीनंतर लोक आधीच खवळलेले होते. मोंतझेरींचा सातवा दिवस आणि आशुरा नेमके एकाच तारखेला, २७ डिसेंबरला, आले. तेहरानच्या रस्त्यांवर हुसेन यांच्या नावाने पुन्हा निदर्शने झाली आणि पुन्हा माणसे मारली गेली. २०२२ च्या सप्टेंबरात महसा अमिनी ही कुर्द तरुणी हिजाबाच्या कारणावरून पकडल्यानंतर पोलिसांच्या ताब्यात मरण पावली. २६ ऑक्टोबरला तिचा चाळिसावा होता. सक्केझ गावाकडे जाणारे रस्ते अडवलेले असताना हजारो माणसे आडवाटेने चालत तिच्या कबरीवर गेली. पाठोपाठ त्या आंदोलनात मारल्या गेलेल्या इतर तरुणांचे चाळिसावे येत गेले. १९७९ मध्ये ज्यांना थांबायला सांगितले होते, त्या स्त्रियांच्या प्रश्नावर हे घडले, आणि ते ज्या गणिताने घडले ते १९७८ चेच गणित होते.

शेजारच्या इराकमध्येही हेच दिसते. १९७७ मध्ये नजफहून करबलाकडे चाललेल्या चाळिसाव्याच्या पदयात्रेवर बाथ राजवटीने सैन्य घातले. २००३ च्या एप्रिलमध्ये सद्दामची सत्ता कोसळताच लाखो माणसे तीच वाट चालू लागली. पुढे हा शोक शिया पक्षांच्या सत्तेचे भूषण झाला. मग २०१९ च्या ऑक्टोबरात बेकारी आणि भ्रष्टाचार यांविरुद्ध तरुणांनी त्याच शिया पक्षांच्या सरकारला आव्हान दिले. चाळिसाव्याच्या यात्रेसाठी त्यांनी आंदोलन थांबवले, आणि यात्रा संपताच हुसेन यांचे नाव घेत ते पुन्हा बगदादच्या चौकात उतरले.

कोणी विचारील, या विधींतील रक्तपाताचे काय? डोक्यावर शस्त्राचे वार करून घेणे, साखळ्यांनी पाठ फोडून घेणे, याचे समर्थन करायचे काय? मुळीच नाही. पण हा वाद आपण बाहेरून नेलेला नाही. १९२० नंतरच्या दशकात दमास्कसमधील मुहसिन अल् अमीन या शिया विद्वानाने या प्रकारांवर जाहीर टीका केली आणि स्वकीयांचा रोष पत्करला. आज अनेक ठिकाणी आशुराच्या दिवशी रक्तदानाची शिबिरे भरतात. सुधारणा आतून येते तेव्हा तिला मुळे असतात, एवढेच येथे नोंदवतो.

शेवटी आपल्या घराकडे वळू. शोकाच्या अधिकाराचा प्रश्न दूरदेशीचा नाही. लखनौमध्ये शिया-सुन्नी दंग्यांनंतर १९७७ पासून मोहरमच्या मिरवणुका बंद होत्या. आंदोलन झाल्यावर १९९८ मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या. श्रीनगरमध्ये गुरू बाजार ते दलगेट या मार्गावरील मिरवणुकीला तीन दशकांहून अधिक काळ परवानगी नव्हती. ती २०२३ साली मिळाली. दोन्ही ठिकाणी शांतता-सुव्यवस्थेचे कारण सांगितले गेले. ते कारण सर्वस्वी खोटे होते असे मी म्हणणार नाही. पण दंगा थांबवण्यासाठी एक-दोन दिवसांची बंदी घालणे वेगळे, आणि एका पिढीचा शोक घरात कोंडणे वेगळे.

आणि महाराष्ट्र? १८९३ च्या मुंबईतील दंग्यांपर्यंत पुण्यात हिंदू माणसे मोठ्या संख्येने ताबुतांत सामील होत. दुसऱ्या वर्षी हिंदूंनी त्यातून अंग काढून घ्यावे असा प्रचार झाला, आणि सार्वजनिक गणेशोत्सवाचे नवे रूप त्याच सुमारास उभे राहिले. त्या उत्सवाने पुढे लोकजागृतीचे मोठे काम केले. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या वळणावर काहीतरी हरवले, तेही मान्य करायला हवे. दुसऱ्याच्या मृतासाठी आपण मालिदा पाठवतो, त्याच्या शोकाच्या दिवशी आपला मुलगा फकीर होतो, ही सवय फार मोलाची होती. तिच्यामागे तत्त्वज्ञान नव्हते, तिला कोणी धर्मनिरपेक्षता म्हणत नव्हते. सांगली जिल्ह्यातील कडेगावसारख्या ठिकाणी उंच ताबुतांच्या भेटी पाहायला आजही सर्व जातिधर्मांचे लोक जमतात, त्यांत त्या सवयीचा अंश शिल्लक आहे.

मित्रहो, एखाद्या राज्याची परीक्षा करताना आपण तेथे निवडणुका होतात का, वृत्तपत्रे स्वतंत्र आहेत का, कामगाराला संपाचा हक्क आहे का, हे विचारतो. त्या यादीत आणखी एक प्रश्न घाला. त्या राज्याच्या हातून जे मेले, त्यांच्यासाठी त्यांच्या माणसांना चारचौघांत रडता येते का? आणि हा प्रश्न केवळ विरोधकांच्या राज्याला विचारू नका. आपल्या मित्रांच्या राज्याला, आणि उद्या आपले राज्य आले तर आपल्यालाही, तो विचारला गेला पाहिजे. इराणातील डाव्यांनी तो १९७९ मध्ये विचारला नाही. पुढे त्यांच्या मातांना तो खावरानच्या खड्ड्यांपाशी उभे राहून विचारावा लागला.

पुढच्या मोहरमला आपल्या गावात ताबूत निघाले तर आपण जा. वाघाचे सोंग पाहा, सबीलीवरचे सरबत घ्या, आणि हे कोणासाठी चालले आहे हे शेजारच्या मुलाला सांगा. मला ते माझ्या लहानपणी कोणी सांगितले नाही.